दुसरी खुर्ची

भिंगरीने आजवर फुगे भरपूर फोडले होते, माणूस मात्र एकही हाताला लागला नव्हता. बाबांच्या सलूनमध्ये शिकायची रीतच तशी. फुगा फुगवायचा, त्याला दाढीचा फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो अलगद उतरवायचा. फुगा वाचला तर गिऱ्हाईक वाचलं! सुरुवातीला इतके बार उडायचे की शेजारचा घड्याळवाला ओरडायचा, "अहो, मुलगी शिकतेय की लढाई चाललीय?" आता फुगा गुळगुळीत निघायचा आणि भिंगरीची मान ताठ व्हायची.

बाबांनी शब्दच दिला होता तसा. शाळेची शेवटची परीक्षा झाली की दुसरी खुर्ची तिची. आजोबांनी घेतलेली, लाल गादीची, पायाने दांडा दाबला की गिऱ्हाइकाला वर उचलणारी. "बायका येतील, लहान मुलं येतील, ती तुझी," बाबा म्हणाले होते. भिंगरीने वर्गातल्या मैत्रिणींच्या झिपऱ्या आगाऊ बुक करून ठेवल्या होत्या.

आणि मग दादा घरी आला. काळी ट्रंक घेऊन, लष्करातला अधिकारी व्हायचं शिक्षण अर्ध्यात सोडून.

ते शिक्षण शिष्यवृत्तीवर होतं. फी, जेवण, गणवेश, बूटसुद्धा सरकारचे. अट एकच, मध्येच सोडलं तर सगळं परत करायचं. करारनाम्याखाली जामीन म्हणून बाबांची सही. सही करायला जाताना बाबांनी नवा शर्ट घातला होता.

"दुपारच्या उन्हात मी माझ्या तुकडीला आणखी एक फेरी मारायला लावली," दादा ताटाकडे बघत म्हणाला. "एकजण कोसळला. आता बरा आहे, पळतोयसुद्धा. पण त्यानंतर मला हुकूम देताच येईना. तोंड उघडायचो आणि आवाजच फुटायचा नाही."

"जेव आधी," आई म्हणाली.

बाबा काहीच बोलले नाहीत. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून ज्यांचा घसा बसायचा ते बाबा! ओरडले असते तर घर मोकळं झालं असतं. पण ते गप्प राहिले, आणि मग दादाही गप्प राहायला शिकला.

आरशाच्या कोपऱ्यात दादाचा गणवेशातला फोटो होता. दुसऱ्याच दिवशी निवृत्त पोस्टमनकाका दाढीला आले आणि त्यांनी त्या फोटोलाच सलाम ठोकला. "काय, साहेब घरी दिसतात?"

"रजेवर आलाय," बाबा म्हणाले.

भिंगरीच्या हातातला फुगा फुटला.

रजा काही संपेना. काका एकदा हसत म्हणाले, "मजा आहे बुवा साहेबांची. केस कानावर आले की!" बाबाही हसले. काका गेल्यावर बाबांनी शटर अर्धं ओढलं, दादाला हाक मारली आणि खुर्ची दाखवली. "बस."

या सलूनचा एक नियम होता, आजोबांपासूनचा. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, मानेभोवती कापड बांधलं की विचारायचं, "कसे ठेवायचे?" उत्तर मिळाल्याशिवाय कात्री उचलायची नाही. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर चारच केस होते, त्यालाही बाबा विचारायचे.

दादाला त्यांनी विचारलं नाही. मशीन थेट मानेवरून वर गेलं. तोच लष्करी कट, मागे पट्टीने आखल्यासारखी रेघ. दादा आरशात स्वतःकडे नव्हे, फोटोकडे बघत होता. केस वाढले की पुन्हा "बस." त्या डोक्याने तो नोकरी मागायला जायचा, लोक विचारायचे, "लष्करात का? मग इकडे कसे?" आणि तो तसाच परत यायचा.

फेडीचे हप्ते मात्र कुणासाठी थांबत नव्हते. एका दुपारी पलीकडच्या गल्लीतला नवा सलूनवाला आला, त्याने दुसऱ्या खुर्चीचा दांडा दाबून पाहिला, गादी चाचपली. तो गेल्यावर बाबा भिंगरीकडे न बघताच म्हणाले, "उद्या टेम्पो येईल. तुझं बघू गं पुढे."

"चालेल की," भिंगरी म्हणाली. आपण किती समजूतदार, असं तिला अर्धा मिनिट वाटलंही. मग ती माजघरात गेली आणि दादावर फुटली. "माझी खुर्ची गेली! तुझ्यामुळे!"

"तुझी होती?" दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगणार कोण? या घरात बोलतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी सलूनची सुट्टी होती. टेम्पो यायच्या आधी भिंगरीने दादाला हाताला धरून आणलं आणि लाल खुर्चीत बसवलं. दांडा दाबला. दादा वर आला. तिने कापड बांधलं, कात्री हातात घेतली. परत ठेवली.

"कसे ठेवायचे?"

कापडाखाली दादाचे खांदे हलायला लागले. भिंगरीही रडली असती, पण गिऱ्हाइकासमोर रडायचं नसतं.

"वाढू देत," शेवटी तो म्हणाला. "फक्त मागची ती रेघ घालव."

ती जपून, जीभ दातांत धरून, रेघ पुसत होती. मागे पावलं वाजली. दारात बाबा उभे होते, बोल्ट सोडवायचा पाना हातात घेऊन. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"कंगवा आडवा धर," एवढंच ते म्हणाले.

बोल्ट दादानेच सोडवले, गुडघ्यावर बसून. बाबांनी खुर्ची धरली होती. टेम्पोत चढवताना रस्त्यावरून पोस्टमनकाका आले. "अरे, खुर्ची कुठे निघाली? आणि साहेब, तुमची रजा अजून चालूच?"

दादाने मान खाली घातली. बाबांनी त्याच्या मानेकडे पाहिलं, जिथे आता रेघ नव्हती.

"रजा नाही," बाबा म्हणाले. "सोडून आलाय तो. त्याचं फेडायचंय, म्हणून खुर्ची चाललीय."

काकांनी खुर्चीला हात लावला, टेम्पोत ढकलायला.

भिंगरी आत आली. खुर्चीच्या जागी फरशीवर एक गोल उरला होता, आजोबांच्या वेळच्या फरशीचा खरा रंग, आणि त्याच्याभोवती दादाचे केस. तिच्या पहिल्या गिऱ्हाइकाचे. तिने झाडू घेतला. बाहेर टेम्पो सुरू झाला. त्याचा आवाज पार वळणापलीकडे जाईपर्यंत ती झाडू तसाच धरून उभी होती.