उचल, दिलं

"उचल. दिलं तुला."

आईचा हा आवाज मर्डोच्या कानातून साठ वर्षांत गेला नव्हता. दिवसभर हेरिंग मासे चिरून आलेली आई संध्याकाळी दोन्ही पोरांना घेऊन समुद्राकाठच्या गोल्फच्या मैदानावर यायची. तिघांत काठी एकच. कुणाचा चेंडू होलच्या तोंडाशी आला, की ती म्हणायची, उचल. म्हणजे न मारताच तो पडला असं धरायचं. थोरला हेक्टर हट्टी. मी मारणारच, म्हणायचा. तेव्हा ती सांगायची, दिलेलं परत घेता येत नाही, आणि घेणाऱ्याला नको म्हणता येत नाही. खेळाचा कायदाच आहे तसा.

पुढे हेक्टर ओहायोला गेला, तिथल्या मैदानाचं गवत राखू लागला. मर्डोनं इथलं राखलं. मेंढ्या हाकलल्या, रोज पहाटे नव्या जागी होल पाडले. आता निवृत्त झाला, तरी रविवारचे होल तोच पाडतो.

अमेरिका आणि युरोपचा गोल्फचा मोठा सामना दर दोन वर्षांनी, एकदा तिकडे, एकदा इकडे. इकडे असला की, म्हणजे चार वर्षांतून एकदा, हेक्टर घरी यायचा, आणि शेवटच्या रविवारी दोघे भाऊ आपला सामना खेळायचे. हरेल त्यानं दुसऱ्याची टोपी घालून संध्याकाळभर क्लबात बसायचं.

आई जानेवारीत गेली. हेक्टर आला नाही. बर्फ आहे, कामं आहेत, वसंतात येतो, म्हणाला. शवपेटी दोऱ्यांनी खाली सोडायची, त्यातली डोक्याकडची पहिली दोरी थोरल्याची. ती शेजाऱ्यानं धरली.

त्यानंतर हेक्टर दोनदा आला, खेळला. मर्डोनं त्याचा एकही चेंडू दिला नाही. वीतभर अंतर राहिलं तरी समुद्राकडे बघत उभा राहिला, आणि हेक्टर मुकाट्यानं मारत गेला. खरं तर जायच्या दुपारी आईनं थोरल्यासाठी निरोप ठेवला होता. तोही मर्डोनं दिला नव्हता.

आज तिसरी खेप. सकाळी चांदण्या-पट्ट्यांची टोपी दारात दिसताच क्लबातली शीना म्हणाली, "अमेरिका आली रे, कोंबड्या झाका."

"कोंबड्या राहू देत, चहा आण," हेक्टर म्हणाला. सगळे हसले. मग त्याच्या हातातली बशी किणकिणू लागली. शीनानं ती काढून घेतली, आणि अर्धाच भरलेला मोठा मग त्याच्यापुढे ठेवला.

शेवटच्या, अठराव्या होलवर दोघे बरोबरीत होते. मर्डोचा चेंडू आत गेला होता. हेक्टरचा हातभर अलीकडे थांबला. पडला तर बरोबरी, चुकला तर हार. होल पहाटे मर्डोनंच पाडला होता. शेवटची चार बोटं जमीन डावीकडे कलते, हे त्याला ठाऊक होतं.

हेक्टर वाकला. चेंडूमागे काठीचं टोक थरथरत राहिलं. तो मागे सरला, पुन्हा वाकला. क्लबातून टीव्हीसमोरच्यांचा गलका आला. कुणाचं काय झालं, कळलं नाही. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"वारा आहे," हेक्टर म्हणाला.

वारा नव्हता. गवताचं पातं हलत नव्हतं.

"उचल," मर्डो म्हणाला.

हेक्टरनं मान वर केली नाही. "कीव नको करूस. मारतो मी."

"नको म्हणता येत नाही."

"दहा वर्षं एक दिला नाहीस, आणि आज देतोयस होय?"

मर्डोनं खाली वाकून चेंडू उचलला, बाहीला पुसला आणि भावाच्या थरथरत्या तळहातावर ठेवून वरून आपली मूठ मिटली.

"मी कोण देणारा? आईनं दिलं होतं. जायच्या दुपारी म्हणाली, हेक्टर आला की सांग, उचल म्हणावं. मीच अडवून धरलं होतं."