चिठ्ठीखालचा निकाल

मी कायद्याच्या निकालांचा एकोणीसशे बासष्ट सालचा खंड बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझ्या पानांवर जे छापलं आहे ते मला तोंडपाठ आहे. पण माझ्याभोवती जे घडलं ते नीट आठवतं की नाही, याची खात्री देता येत नाही. पुढे सांगणार आहे तो शनिवार एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा, असं मी धरून चालतो. त्र्याहत्तरचाही असू शकेल. साल चुकलं तर सोडून द्या, बाकी हकीकत मात्र ऐका.

माझी पानं एक हजार दोनशे सहा. बांधणी कापडी, पाठीवर सोनेरी आकडे. नागपूरला जिल्हा कोर्टाच्या आवारात वकिलांचं वाचनालय आहे, तिथे मी पेटीतून उतरलो तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! प्रत्येक पानावर न्यायमूर्तींचा शब्द. माझा आधार घेऊन माणसं घरं राखत होती, शेतं सोडवत होती. मला वाटे, मी सांगतो तोच कायदा.

तीन वर्षांनी माझ्या छातीवर पहिली चिठ्ठी चिकटली.

ही रीत बाहेरच्यांना माहीत नसते. खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाने फिरवला, तर छापलेलं पुस्तक बिचारं काय करणार? मग ग्रंथपाल एका कागदाच्या पट्टीवर ‘हा निकाल फिरवला आहे’ असं लिहितो, फिरवणारा निकाल कुठल्या खंडात, कुठल्या पानावर ते खाली टिपतो आणि पट्टी त्या जागी डकवतो. आमचे ग्रंथपाल देवराव हे काम खळीने करत. खळ पिठाची, घरी शिजवलेली. माणूस कामाचा पक्का. पण नागपूरच्या मे महिन्यापुढे खळीचं काय चालणार? पट्ट्या वाळून गळत. देवराव त्या जमिनीवरून वेचत, चष्मा वर करून पाहत आणि जिथली असेल असं वाटे तिथे पुन्हा लावत.

चिठ्ठ्या वाढू लागल्या तसा मी शंकेखोर झालो. छापून झाल्यावर जगात काय ठरलं, हे मला आपणहून कळण्याचा मार्ग नव्हता. कुणी मला उघडलं की वाटे, याच्या कामाचं पान अजून खरं आहे ना?

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला आमच्या दालनात वकिलांचं अभ्यास मंडळ भरायचं. एका नव्या वकिलाने एखाद्या मुद्द्यावर निबंध वाचायचा, ज्येष्ठांनी त्याला प्रश्न विचारायचे आणि मग चहा व आलुबोंडा. नाव अभ्यासाचं, पण खरी सभा चहाची. ज्याच्याकडे काम शिकायला ज्येष्ठ नाही, तो नवा वकील त्या अर्ध्या तासात ज्येष्ठांच्या आसपास घोटाळायचा. ज्येष्ठांची बशी धरायची, त्यांच्या विनोदाला इतरांपेक्षा थोडं आधी हसायचं. निबंध चांगला झाला असेल तर एखादा ज्येष्ठ म्हणे, सोमवारी चेंबरला या. एवढ्या एका वाक्यावर पुढची चाळीस वर्षं उभी राहत.

शामला त्या वाक्यासाठी वर्षभर थांबली होती. तिचे वडील मारोतराव खापरखेड्याच्या वीजघरात फिटर. वसाहतीतून एस.टी.ने ती रोज यायची, काळा कोट हातावर घेऊन, आणि माझ्यासमोरच्या बाकावर वाचत बसायची. मुलगी म्हणून तिला कुणी चेंबरमध्ये घेत नव्हतं. एकाने विचारलं होतं, लग्न झाल्यावर आमच्या फायली कोण सांभाळेल? दुसऱ्याने चेंबर लहान असल्याचं सांगितलं, आणि त्याच आठवड्यात दोन मुलं घेतली.

मंडळात निबंध वाचायची तिची पाळी आली तेव्हा तिच्या पिशवीत वर्धेच्या एका बँकेचं पत्र होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. म्हणजे वकिलीसाठी तिच्या हातात एक शनिवार उरला होता.

तिने विषय घेतला भाडेकरूच्या वारसांचा. भाडेकरू वारला, मागे चार वारस. मालकाने एकालाच नोटीस दिली तर ती पुरते का? माझ्या चारशे अठराव्या पानावर एक निकाल सुरू होतो, तो म्हणतो, पुरत नाही, सगळ्यांना दिली पाहिजे. पण त्या पानाची वरची अर्धी बाजू आधीच्या, अगदी निराळ्या खटल्याची. आणि दोहोंच्या मधोमध, जराशी खाली, एक चिठ्ठी.

शामलाने ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मग ती देवरावांकडे गेली आणि चिठ्ठीत लिहिलेला सुप्रीम कोर्टाचा खंड मागितला.

“तो नाही वं बाई,” देवराव म्हणाले. “गोपाळराव साहेबाइकडे आहे. दिवाळीपासून.”

“मग मागून आणा ना.”

“मी मागू? मले पेन्शनले अजून बारा वर्सं आहेत.”

गोपाळराव म्हणजे दिवाणी कामातलं मोठं नाव. नेलेलं पुस्तक परत न करणं हा त्या काळी ज्येष्ठतेचाच भाग होता. शामलाने जागेवर येऊन ते पान पुन्हा वाचलं. चिठ्ठीतला निकाल तिने वर्षापूर्वी लॉ कॉलेजात वाचलेला होता. तो आठवायचा ती प्रयत्न करत होती, हे तिच्या बोटावरून मला कळत होतं. ते बोट वरच्या खटल्यावरून खालच्यावर आणि खालच्यावरून वर जात राहिलं. मला वाटत होतं की ही चिठ्ठी पूर्वी वर होती. पण शपथेवर विचारलं असतं तर मी कचरलो असतो.

शनिवारी तिने निबंध वाचला. आवाज सुरुवातीला बारीक, मग स्थिर. चारशे अठराव्या पानाचा आधार तिने घेतलाच. निबंध संपला आणि गोपाळराव उठले. त्यांनी देवरावांना मला आणायला सांगितलं, पान काढलं, आणि मला दोन्ही हातांनी उचलून सभेला दाखवलं.

“बाई, निकाल वाचलात. त्याच्यावरची चिठ्ठी वाचायची राहिली वाटतं.”

दालन हसलं. मागच्या रांगेतला रुपराव नावाचा एक वकील म्हणाला, “बँकेत चेक असेच पास करतील बरं का या.” तिच्या बँकेची बातमी फुटलेली होती.

शामला हसू ओसरेपर्यंत थांबली.

“चिठ्ठी वाचली, सर. चिठ्ठीत सांगितलेला निकालही वाचला आहे. तो वरच्या खटल्याचा आहे. खालचा निकाल कुणी फिरवलेला नाही.”

“कधी वाचलात?”

“वर्षापूर्वी. कॉलेजात.”

“वर्षापूर्वीचं तुमच्या स्मरणातलं खरं, आणि ही डोळ्यांसमोरची चिठ्ठी खोटी?”

“चिठ्ठी खोटी नाही, सर. चुकीच्या जागी आहे.”

मंडळाच्या अध्यक्षांनी चिठ्ठीत लिहिलेला खंड काढायला सांगितलं. देवराव जागचे हलेनात. पुन्हा विचारल्यावर त्यांनी देवघेवीची वही उघडली, आणि वाचण्याऐवजी ती अध्यक्षांपुढे सरकवली. अध्यक्षांनी ती वाचून गोपाळरावांपुढे सरकवली. गोपाळरावांनी आपलंच नाव वाचलं आणि आपला मुनशी ताराचंद याला सायकलवर धंतोलीला, चेंबरमध्ये पिटाळलं.

चर्चा संपल्याशिवाय चहा द्यायचा नाही, असा मंडळाचा नियम. अर्धा तास सगळे तसेच बसून राहिले. किटली निवत होती. शामला उभीच होती. बसा असं तिला कुणी म्हटलं नाही. त्या वेळात ती एकदा माझ्याजवळ आली, पान पाहिलं आणि हलकेच म्हणाली, “देवरावभाऊ, ही चिठ्ठी कधी पडली होती का?”

देवरावांनी चष्मा काढला. “पडली होती गेल्या उन्हाळ्यात. मीच लावली.” मग सभेकडे पाहून मोठ्याने म्हणाले, “साहेब, चिठ्ठी मीच लावली. कुठली होती ते मले सांगता येत नाही.” पेन्शन बारा वर्षं दूर असलेल्या माणसाने भर सभेत हे बोलणं सोपं नव्हतं. त्यांच्या खळीला मी तेव्हाच क्षमा केली.

ताराचंद घामाघूम होऊन खंड घेऊन आला. गोपाळरावांनी तो स्वतः उघडला, उभ्यानेच वाचला. दोन पानं वाचली, तिसरं उलटून मागे आले आणि पक्षकारांची नावं पुन्हा पाहिली. मग त्यांनी नखाने माझ्यावरची चिठ्ठी अलगद सोडवली आणि वरच्या खटल्याशेजारी ठेवली.

“बाईंचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “चहा द्या.”

चहाच्या वेळी शामलाभोवती एवढी माणसं जमली की तिची बशी धरायलाच दोघे होते. त्यात चेंबर लहान असल्याचं सांगणारेही होते. ती सगळ्यांना नीट उत्तरं देत होती, पण चहा मात्र पीत नव्हती. शेवटी गोपाळराव आले. त्यांनी सांगितलं की इतवारीत रंभाबाई नावाच्या त्यांच्या विधवा अशिलाचं बांगड्यांचं दुकान आहे. मूळ भाडेकरू सासऱ्यामागे चार वारस, आणि मालकाने नोटीस फक्त दिराला दिलेली. सोमवारी शेवटची बहस.

“हा मुद्दा तुम्ही मांडा.”

“सर, सोमवारी मला वर्धेला बँकेत रुजू व्हायचंय.”

“रंभाबाईंची तारीख पुढे जाणार नाही,” गोपाळराव म्हणाले. “बँकेची जाते का, ते तुम्ही बघा.”

लोक पांगले तरी शामला बाकावर बसून होती. मग तिने देवरावांकडे वही मागितली. चेंबर नसलेल्या वकिलाला पुस्तक बाहेर नेता येत नसे. वहीत ‘कोणाच्या चेंबरसाठी’ असा एक रकाना होता. तिने माझा क्रमांक लिहिला, आपलं नाव लिहिलं आणि त्या रकान्यात गोपाळरावांचं नाव लिहिलं.

“बाबुजीले काय सांगशीन?” देवरावांनी विचारलं.

“खरं तेच सांगीन. रागावतीन दोन दिवस.”

सोमवारी मी तिच्या हातात कोर्टात होतो. रंभाबाई मागच्या बाकावर, पदर घट्ट धरून बसलेल्या. शामलाने चारशे अठरावं पान वाचलं, आणि त्या दिवशी मला माझी जराही शंका आली नाही. दुकान राहिलं.

पुढे ती गोपाळरावांकडे नऊ वर्षं होती, मग तिचं स्वतःचं चेंबर झालं. पण या गोष्टीला वकिलांच्या तोंडी एक नवीनच शेपूट फुटलं. लोक म्हणू लागले, खंड गोपाळरावांच्याच टेबलावर, खटलाही त्यांचाच. त्यांना ठाऊक नसेल का? सगळं माहीत असून त्यांनी पोरीची परीक्षा घेतली! थोर माणूस. गोपाळराव वारल्यावर तर हेच पक्कं झालं. खरं सांगायचं तर मलाही ते पटू लागलं होतं. शामलाबाई ऐकून घेत. एकदाच त्या देवरावांना म्हणाल्या, “भाऊ, मले तरी कुठं माहीत आहे? घेतलीही असन परीक्षा.”

आता मी वरच्या फळीवर, सुतळीने बांधलेला असतो. माझ्यावर सदतीस चिठ्ठ्या आहेत. हल्लीची मंडळी चिठ्ठी पाहून पान मिटतात. त्यांना एवढंच सांगणं आहे की चिठ्ठीही माणसानेच लावलेली असते. तिच्या खालचं वाचा, आणि ती जिथे पाठवते तिथे जाऊनही वाचा. मग मला खुशाल रद्दीत द्या.

शहाऐंशी साली मंडळाच्या अध्यक्षपदी शामलाबाई आल्या. ओळख करून देताना रुपरावांनीच मला टेबलावर ठेवून परीक्षेची गोष्ट रंगवून सांगितली. चहाच्या वेळी म्हातारा ताराचंद काठी टेकत पुढे आला.

“साहेब होते तोवर मी बोललो नाही,” तो म्हणाला. “आता बोलतो. परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती, बाई. साहेबाइनं रंभाबाईच्या कागदातला तो मुद्दा शुक्रवारीच लाल पेन्सिलीनं खोडला होता, त्याच चिठ्ठीपायी. अन् तो खंड सहा महिने टेबलफॅनखाली होता. टेबल बुटका होता न, वारा तोंडावर येत नव्हता. त्या दिवशी मीच पंखा उतरवून आणला.”

निवृत्तीला थोडे दिवस राहिलेल्या देवरावांनी शिडी लावली, तो खंड काढला आणि टेबलावर माझ्याशेजारी पालथा ठेवला. त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर पंख्याच्या बुडाचं गोल वळ उमटलेला आहे, गंजाचा, वीतभर रुंद.