हिरव्या नळीची साक्ष

सासऱ्यांनी पहिल्यांदा गाडी फाटकाच्या खांबाला घासली, तेव्हा चूक खांबाची निघाली. दुसऱ्यांदा घासली तेव्हा सासूबाईंनी खांबाची बाजू घेतली आणि गाडीची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

"अहो, तुम्हाला टीव्हीतली माणसंसुद्धा दोन-दोन दिसतात."

"ती सगळ्यांनाच दिसतात. विचार जावईबापूंना!"

मला विचारण्यासारखं काही नव्हतं. बैठकीतला तो कपाटाएवढा जुना प्रोजेक्शन टीव्ही. त्यातल्या प्रत्येक माणसाला एक लाल आणि एक निळा भाऊ चिकटलेला असायचा. बातम्या देणारी बाई एकटी म्हणून कधी आली नाही. शेवटी तह झाला. टीव्ही दुरुस्त करायचा. मग सासऱ्यांना चित्र एकच दिसलं तर किल्ली परत, नाहीतर डोळ्यांचा डॉक्टर.

काम माझ्या बायकोकडे आलं. ती दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करते. माहेरी मात्र तिला अजून कुणी बल्ब बदलू देत नाही. मला टॉर्च धरायला मिळाला. जावयाच्या मानाला शोभेल असं काम.

तिनं पुढची खालची फळी काढली. आत तीन नळ्या शेजारी शेजारी : लाल, हिरवी, निळी. प्रत्येक जण आपापलं चित्र आरशावर फेकणार, आरसा ते पडद्यावर ढकलणार, आणि तिन्ही एकमेकांवर अचूक बसली तर आपण त्याला टीव्ही म्हणायचं. ती चित्रं जागेवर धरणाऱ्या सर्किट बोर्डावरचे सोल्डरिंगचे डाग सुटले होते. बायकोनं ते पुन्हा दिले आणि पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणली.

"हिरवी हलत नाही," रिमोट दाबत ती म्हणाली. "लाल-निळीनं सरकत सरकत तिच्यावर जाऊन बसायचं."

"म्हणजे तुझी आई," सासरे म्हणाले.

हळूहळू रंग मिटले, रेघा पांढऱ्याशुभ्र झाल्या.

"एक," सासूबाई म्हणाल्या.

"एक," मी म्हणालो.

"लाल अजून जरा बाजूला आहे," सासरे म्हणाले. "आळस करू नकोस."

बायकोनं पडद्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. तिनं पुठ्ठ्याचे दोन तुकडे लाल आणि निळ्या नळीच्या भिंगांवर ठेवले. जाळी हिरवीगार झाली.

"आता, बाबा?"

"आता हिरव्याच दोन झाल्या. बिघडवलास ना!"

एक नळी, एक चित्र. हे मलासुद्धा कळलं. बायको त्यांच्या मागे गेली आणि तिनं त्यांच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"आता?"

ते पडद्याकडे झुकले.

"एक."

"टीव्ही मात्र छान झाला हो," सासूबाई म्हणाल्या. जिंकल्याचा सूर त्यांनी लावला नाही. सवय नसल्यामुळे जड गेलं असावं.

सासऱ्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून हळूच काहीतरी काढलं आणि टीव्हीवर ठेवलं. गाडीची दुसरी किल्ली. तिची घरात कुणालाच खबर नव्हती.

सासूबाईंनी किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्या खिशाकडे. "ही एकच ना?"

"मला दोन दिसतायत," सासरे म्हणाले. "पण तू एकच धर."