कानातले दडे

कानात दडे बसल्यापासून मी भांडखोर झाले, असं माझी सून तनुजा म्हणते. मी आधीपासूनच भांडखोर आहे, हे ती सोयीनं विसरते.

वैजापूरची विहीर आटली म्हणून दुष्काळात मी मुलाकडं, शहरात मुकुंदवाडीला आले. इथं जिकडंतिकडं नव्या इमारती आणि नळाला मोटार लावूनही करंगळीएवढी धार. धूळ तर नाकाकानात. कान खाजला की मी केसातला आकडा काढून आत फिरवायची. होता होता दोन्ही कान बंद झाले.

तनुजानं डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या कानाशी ओरडल्या, "आजी, आकड्यानं मळ आत ठासला जातो. पडदा फाटला असता! गरम तेलही ओतायचं नाही. मळ आपोआप बाहेर येतो, तो नुसता वरून पुसायचा." मग थेंब दिले. मळ फुगून आधी आणखी कमी ऐकू येईल, घाबरू नका, मऊ झाला की काढते, म्हणाल्या.

तसंच झालं. अशातच मोरीपाशी माझा सुदर्शन तनुजाला काही सांगत होता. तुटक कानावर आलं, "ही म्हातारी आता काय कामाची? नुसती कुरकुर. वैजापूरला टाकून येतो."

"लवकर न्या," तनुजा म्हणाली. "लई जागा अडवती."

पोटचा पोरगा! आणि ही, जिचं मी गावभर कौतुक करत फिरले! गुपचूप लुगडी गाठोड्यात बांधली.

दुसऱ्या दिवशी तनुजानं खुणेनं चला म्हटलं. स्टँडवरच नेत असणार. गाठोडं काखेत मारून मी रिक्षात बसले. रिक्षा दवाखान्यापुढं थांबली, तेव्हा चक्रावलेच. जाता जाता कान तरी नीट करून देतायत, म्हटलं.

बाईंनी कोमट पाण्याची पिचकारी मारली. एवढ्या टंचाईत कानाला पाणी! काळे गोळे बाहेर पडले आणि पंख्याचा आवाज अंगावर धावून आला. तनुजा फोनवर बोलत होती, "व्हय, आत्यांचं झालं. तुम्ही नळाची मोटार काढली का? पालिकेचे जप्तीवाले मोटारी उचलत गल्लीत आलेत. वैजापूरला टाकून या एकदाची."

मोटार. म्हातारी नव्हे, मोटार! मी स्टूल घट्ट धरलं.

"आत्या, हे गाठोडं कशाला आणलं?"

काय ऐकलं होतं ते सांगितलं. मला वाटलं, पोरगी हसेल. ती पांढरीफटक पडली.

"आन् तुम्ही निघाल्या बी होत्या? टँकरवर एका हंड्यासाठी गल्ली डोक्यावर घेता, आन् आमच्याशी भांडल्या सुद्धा नाय?" तिचा आवाज फुटला. "आमी असं बोलू, हे तुम्हाला खरंच कसं वाटलं, आत्या?"

ऐकू आलं नाही म्हणायची सोय आता राहिली नव्हती.