ज्याचं पाकीट त्याच्या हातात

परीक्षा विभागाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळं कॉलेज चौकशीताई म्हणायचं. खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी होती हे एक, आणि बाईंना साऱ्या जगाची उठाठेव करायची भारी हौस होती हे दुसरं. समोरच्या घराला नवा पडदा लागला, तर तो कुणी पसंत केला हे कळेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. नेमक्या अशा बाईंच्या गळ्यात दुसऱ्यांची गुपितं सांभाळायचं काम पडलं होतं.

नियम सरळ होता. निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. आई, मामा, क्लासवाले, नोकरी देऊ पाहणारे, विद्यार्थ्याची लेखी परवानगी नसेल तर सगळे तिऱ्हाईत. फी भरणारा बापसुद्धा.

असाच एक बाप सोमवारी खिडकीशी आला. बोटं काळपट, शर्टाच्या खिशात बारीक पोलादी अवजारं. बाजाराच्या तोंडाशी त्याचं चाव्या बनवायचं दुकान होतं.

"ताई, पोरीचा निकाल विचारायचा होता. गुण नकोत. पास की नापास, एवढंच."

"तिची लेखी परवानगी आणा."

"ती आणायची तर तिच्याशी बोलावं लागेल. तिथेच तर घोडं अडलंय."

चौकशीताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग काय, हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी पोरगी एका विषयात राहिली, तेव्हा हा म्हणाला होता, पुरे झालं शिकणं, आता दुकानात बस. ती दुकानात बसली नाही. मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली, लॉन्ड्रीत काम धरलं आणि पुन्हा परीक्षा दिली. तेव्हापासून बापलेकीत अबोला होता.

"आणि निकाल कळून तुम्ही करणार काय?" हा प्रश्न नियमात नव्हता, पण ताईंना राहवेना.

"तिच्या खोलीवर जाणार. पास असेल तर आधी माझी चूक कबूल करायची. नापास असेल तर निकालाचा विषयच काढायचा नाही, नुसतं घरी चल म्हणायचं. पहिलं वाक्य चुकलं की खेळ खलास. मागल्या वेळी ते चुकलंच होतं."

ताईंनी पेन पुन्हा हातात घेतलं. निकाल त्यांना ठाऊक होता, पाकिटं त्यांनीच तर भरली होती. पण त्या म्हणाल्या, "नियम आहे हो."

"कळतं मला. कालच एकजण भावाचं कपाट उघडून द्या म्हणून आला. म्हटलं, भावाला घेऊन या. तर चिडला, सख्खा भाऊ आहे म्हणाला. म्हटलं, कुलूप सख्ख्यांसाठीच असतं. चोर काय, फोडूनच आत येतो."

माणूस इतका समजूतदार निघाला की ताईंना अगदीच राहवलं नाही. "अहो, तिनेच अजून पाकीट नेलं नाही, तुम्ही कशाला एवढा जीव टांगणीला लावताय?" असं बोलून गेल्या आणि लगेच जीभ चावली.

बापाचा चेहरा उतरला. "सगळ्यांनी नेलं, हिनेच नाही? म्हणजे कळलं."

"तसं काही नाही," म्हणायला ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. तसं नाही म्हटलं तरी निकाल सांगितल्यासारखं, गप्प बसलं तरी सांगितल्यासारखं. आपल्याच एका वाक्याने आपण या माणसाचं पहिलं वाक्य बिघडवतोय, या विचाराने त्यांना घाम फुटला.

"आजच जातो तिच्याकडे," तो म्हणाला. "विषयच काढत नाही."

"आज नका जाऊ. शुक्रवारी सकाळी साहेब असतात, रीतसर अर्ज घेऊन या."

तो नाइलाजाने हो म्हणाला. त्याची पाठ वळताच ताईंनी पोरीला फोन लावला. पाकीट न नेलेल्यांना आठवण करून देणं हे त्यांचं कामच होतं.

"लॉन्ड्रीतून सुट्टीच मिळत नाही हो," पोरगी म्हणाली. म्हणजे कारण एवढंच होतं. ताईंनी शुक्रवारची सकाळ सुचवली, ती येते म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "घरून कुणी विचारायला आलं होतं का?"

"तेही सांगता येत नाही."

"बाबा आले तर त्यांना काही सांगू नका. मला स्वतः सांगायचंय. कसं, ते अजून ठरत नाहीये."

दोन्हीकडची अडचण ताईंच्या एकटीच्या पोटात आणि तोंडाला कुलूप. त्या आठवड्यात त्यांना शेजाऱ्यांचा पडदासुद्धा आठवला नाही.

शुक्रवारी बाप अर्ज घेऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. पोरगी आली, सही केली, पाकीट घेतलं, वळली आणि जागीच थांबली. बाप उठला. खिडकीची काच जाड, त्यात आतला प्रिंटर खडखडत होता. ताईंनी काचेला जवळजवळ नाक लावलं. बाप काहीतरी म्हणाला, एकच वाक्य, तेही छोटं. पाकीट अजून बंदच होतं.

पोरगी त्याच्याजवळ आली. मग बाकावर बसली आणि पाकीट त्याच्यापुढे धरलं. त्याने खिशातलं बारीक अवजार काढून ते कडेने अलगद सोडवलं, आत न बघता तिच्या हातात परत दिलं आणि चक्क तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने कागद वाचला. मग त्याची बाही ओढून त्याला दाखवला. निकाल काय होता, तो त्या दोघांचा. दोघं बाकावर खांद्याला खांदा लावून बसून राहिली, हे मात्र सगळ्या विभागाने पाहिलं.

थोड्या वेळाने तो खिडकीशी आला. "ताई, अर्ज आता नको."

"नसू दे. पण एक सांगा." ताईंचा जीव नुसता वरखाली होत होता. "पाकीट उघडायच्या आधी तुम्ही तिला काय म्हणालात?"

त्याने मागे वळून बघितलं. पोरगी दाराशी त्याची वाट बघत उभी होती.

"सांगितलं असतं ताई," तो म्हणाला. "पण ते वाक्य आता तिचं आहे. तिची लेखी परवानगी आणा."