टेकडीखालचा नकाशा

ह्रिन्कोबाईंचं पत्र एमलिन प्रॉसरच्या खणात पानगळीपासून पडून होतं. पत्र साधंच होतं. 'तुमचा नकाशा बघायला मी ग्रंथालयातल्या संगणकावर बसते. पडद्यावर नुसती करडी चौकट येते आणि प्लग-इन बसवा म्हणते. इथल्या यंत्रावर काही बसवायची परवानगी नाही. आमचे हे मागच्या अंगणात कबुतरं पाळतात. त्याखालून कोळशाचा बोगदा जातो का, एवढंच हवं आहे. चित्र काढून पाठवलंत तरी चालेल.'

उत्तर द्यायचं तर चूक कबूल करावी लागली असती, आणि चूक आपलीच आहे की नाही याचीही एमलिनला खात्री नव्हती.

एमलिन खाणींचे जुने नकाशे सांभाळणाऱ्या कार्यालयात होता. नकाशे वेबवर कसे दाखवायचे हे ठरवायला बैठक बसली, तेव्हा त्याची सहकारी डोरीन यानुस्का म्हणाली होती, "चित्र आपल्या सर्व्हरवर काढू आणि तयार चित्रच पाठवू. कसल्याही जुन्या डबड्यावर दिसेल."

"आणि सर्व्हर गुदमरला की तू फुंकर घालशील?" कार्यालयप्रमुख किन्सेलासाहेब म्हणाले. "प्लग-इनच घेऊ. बघणाऱ्याने एकदा आपल्या यंत्रावर बसवलं की ज्याचं यंत्र त्याची मेहनत. बोगदे कसे फिरवता येतात बघा. प्रॉसर, तुम्ही बोला. सारा जन्म या नकाशांत गेला तुमचा."

पिवळ्या कागदांवर सपाट पाहिलेले बोगदे पडद्यावर झाडाच्या मुळांसारखे फिरत होते. एमलिन खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला. "सुंदर आहे," एवढंच तो म्हणाला, आणि तेवढ्यावर ठरलं.

हिवाळ्यात साहेबांनी कुठून किती वेळा नकाशाचं पान उघडलं त्याचा तक्ता दाखवला. सगळ्यात उंच खांब टॅमरॅक टेकडीचा, ह्रिन्कोबाईंच्या गावाचा. "बघ डोरीन, तुझ्या डबड्यांचं गाव."

पान उघडलं नाही की माणूस पुन्हा उघडून बघतो. तो उंच खांब अशा फुकट गेलेल्या खेपांचा होता. एमलिनच्या ते ध्यानात आलं. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण आपलंच काही चुकत असेल असं वाटून मिटलं.

बर्फ वितळताना ह्रिन्कोंचं मागचं अंगण खचलं. कबुतरखाना गेला, आणि दाणे घालायला गेलेला म्हाताराही गेला. कबुतरं तेवढी वर राहिली.

"वकील बघेपर्यंत कुणी एक ओळ लिहायची नाही," साहेबांनी बजावलं.

डोरीन अंत्यविधीला जाऊन आली. "बाई अजून तिथंच राहतात. अंगण गेलं, घर भक्कम आहे म्हणतात. मी निघा म्हटलं, तर म्हणाल्या, तुमच्या शिक्क्याचा कागद दाखव, मग निघते. खिडकीतून कबुतरांना दाणे टाकत बसल्यात."

"नकाशा दाखवायचा होतास," एमलिन म्हणाला.

"कशावर दाखवू? ग्रंथालयातल्या त्या चौकटीवर?"

एमलिनने फोन लावला. "कोण आहे? बोला ना," बाई म्हणाल्या. त्याने फोन ठेवला.

मग त्याने आपल्या यंत्रावर टेकडी उघडली. बोगदे फिरवत फिरवत बरोबर वरून दिसतील असे आणले आणि चित्र कागदावर छापून घेतलं. लाल पेन्सिलीने त्यावर घराच्या भिंती आखल्या. बोगदा अंगणाखालून स्वयंपाकघराखाली शिरत होता आणि पुढच्या पायरीपर्यंत जात होता. त्याने रेघा खोडल्या, मोजून पुन्हा आखल्या. त्या तिथंच आल्या.

खाली त्याने लिहिलं, 'तुम्ही मागितलेलं चित्र. हे आमच्याकडे तेव्हाही होतं. लाल चौकोन म्हणजे तुमचं घर. वाचताच बाहेर पडा, परत आत जाऊ नका.' सही केली, शिक्का मारला.

डोरीनने खांद्यावरून वाचलं. "नोकरी जाईल हो तुमची."

"जाईल बहुतेक."

"पत्ता तरी नीट लिहिलात ना?"

त्याने पत्ता पुन्हा वाचून पाहिला. मग कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपाशी जाऊन पाकीट आत टाकलं आणि झाकण दोनदा उघडून पाहिलं. पाकीट खाली गेलं होतं.