मोरिसच्या नावाचं चीज

स्विस डोंगरांतल्या या खोऱ्यात मूल जन्मलं की त्याच्या नावाचं एक चीज तळघरात ठेवतात, आणि ते कापतात थेट त्याच्या मयताच्या जेवणाला. मोरिसचं चीज एकतीस वर्षांचं झालं होतं. मोरिस फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत मेला, तिकडेच पुरला गेला. तरी त्याच्या आईने, क्रेसांसने, चार वर्षं त्या चीजला सुरी लावली नव्हती. मोरिसचा कॅप्टन सालामें गावी येईल तेव्हाच कापायचं, असं तिने ठरवलं होतं. त्यानेच तर पत्रात लिहिलं होतं, ताप आला, मी उशाशी बसून होतो.

कॅप्टन हुशार माणूस. साधा शिपाई म्हणून गेला आणि वीस वर्षांत कॅप्टन झाला. पलटणीसाठी गावातली माणसं न्यायला हवालदाराला पाठवायचा. स्वतः यायचं टाळायचा. यंदा बाप अंथरुणाला खिळला म्हणून यावंच लागलं.

क्रेसांसच्या घरी मयताच्या जेवणाला चीज त्यानेच कापलं. टेबलाशी क्रेसांसचा दीर होता, धाकटा मुलगा ओगुस्तें होता आणि मोरिसच्या पलटणीतून परतलेले तिघे होते.

"खा ना, कॅप्टनसाहेब," क्रेसांस म्हणाली. "शेवटच्या घटकेला माझ्या पोराजवळ तुम्ही होतात. आता या ओगुस्तेंलाही न्या. तुमच्या हाताखाली असला की मला घोर नाही."

"न्या बाबा," दीर म्हणाला. "सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, इथे नुसता पाव संपवतो."

"हा नको," कॅप्टन म्हणाला.

"का? काय कमी आहे त्याच्यात?"

"गवत कापायला घरी कोणी हवं ना, मावशी."

"मोरिस गेल्यापासून मीच कापते की."

कॅप्टनला स्वतःची किळस आली. गवत कापणीला सुट्टी देतो, असा शब्द त्याने मोरिसला दिला होता. मग तपासणी आली. पलटण भरलेली दिसायला हवी होती, त्याची पुढची बढती त्यावर अडली होती. त्याने शब्द फिरवला. मोरिस न सांगताच घरी निघाला आणि दोन दिवसांत सापडला. स्विस पलटणीत न्याय स्विसांचाच, राजाही त्यात पडत नाही. मरणाची शिक्षा झाल्यावर रिवाजाप्रमाणे सोबत्यांनी गुडघे टेकून दया मागितली. दया करणं एकट्या कॅप्टनच्या हातात होतं.

"ताप नव्हता, मावशी," तो म्हणाला. "तो पळून घरी येत होता. मी त्याला गोळ्या घालायला लावल्या. सुट्टी मीच कबूल केली होती आणि मीच नाकारली."



"गोळ्या घातल्या कोणी?" क्रेसांसने विचारलं.

परतलेल्या तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

"हुकूम माझा होता," कॅप्टन म्हणाला.

ती उठली. एकेकाच्या पुढचा तुकडा उचलून तिने टोपलीत टाकला. दिराने अर्धा खाल्ला होता, त्याचा उरलेला अर्धाही घेतला.

"माझ्या पोराची माती अजून व्हायचीय," ती म्हणाली. "होईल तेव्हा तुम्ही कोणी जेवायला येऊ नका."